ओळखीचा मेकॅनिक आणि परत आलेला आवाज

वाचकाचे पत्र

स. न. वि. वि. मी साताऱ्यात राहते आणि नोकरीसाठी रोज गाडीने वाईला जाऊन येते. गाडी २०१८ ची पेट्रोल हॅचबॅक असून ७१,००० किलोमीटर चालली आहे. तीन महिन्यांपूर्वी डाव्या बाजूच्या पुढच्या चाकाकडून खड्ड्यात ‘खट्’ असा आवाज येऊ लागला. कंपनीच्या वर्कशॉपने दोन्ही शॉकअप, दोन्ही लोअर आर्म, लिंक रॉड आणि एक बेअरिंग असे मिळून ४१,३०० रुपयांचे एस्टिमेट दिले. आकडा ऐकून धास्तावले आणि माझ्या थोरल्या दिरांच्या ओळखीच्या मेकॅनिककडे गाडी नेली. त्याने दोन्ही शॉकअप आणि डावा आर्म बदलून १८,५०० रुपये सांगितले. त्यातले १२,००० मी दिले. आठच दिवसांत आवाज परत आला. आता तो म्हणतो की स्टीअरिंगचा रॅक गेला आहे, आणखी २४,००० लागतील. गाडी त्याच्याच गॅरेजमध्ये उभी आहे आणि मागचे ६,५०० दिल्याशिवाय ती मिळणार नाही, असे त्याने सांगितले आहे. पावती म्हणून माझ्याकडे वहीच्या पानावर लिहिलेला आकडा तेवढा आहे. त्याने मला फसवले का? तो गाडी अशी अडवून ठेवू शकतो का? यापुढे कंपनीत जावे की बाहेर? आणि माणूस दिरांचा असल्यामुळे हे सगळे बोलावे तरी कसे?

— एक वाचक, सातारा

उत्तर

ताई, नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. त्यात सहा-सात भागांची नावे आहेत, पाच रकमा आहेत, परंतु तो आवाज कशाचा आहे हे शोधण्यासाठी कंपनीच्या वर्कशॉपने किंवा दिरांच्या मेकॅनिकने नेमके काय केले, याचा एकही शब्द नाही. तो तुमच्या लिहिण्यातून राहून गेला असे मला वाटत नाही. बहुधा तुम्हाला कोणी ते सांगितलेच नाही, आणि तुमच्या सगळ्या मनस्तापाचे मूळ मला तिथेच दिसते. कंपनीने पुढची बाजू जवळजवळ सगळीच बदलायची यादी दिली, मेकॅनिकने त्या यादीतले तीन भाग उचलले, आणि आवाज तरीही राहिला तेव्हा तो चौथ्या, अधिक महागड्या भागाकडे वळला. दोन्ही ठिकाणी भाग विकले गेले किंवा विकायला काढले गेले, पण दोष शोधला गेला नाही.

म्हणून ‘फसवले का’ या प्रश्नाला माझे उत्तर असे की एवढ्या माहितीवर तसा आरोप करू नये. ७१,००० किलोमीटर आपल्या रस्त्यांवर चाललेल्या गाडीचे शॉकअप, म्हणजे चाकाला बसणारे धक्के शोषणाऱ्या नळ्या, खरोखरच संपलेले असू शकतात. ते तपासायला सोपे आहे. काढलेले जुने शॉकअप आणि आर्म त्याच्याकडे मागा. ते तुमच्या मालकीचे आहेत. शॉकअपच्या नळीवर तेल ओघळून त्यावर धूळ बसल्याचा काळा चिकट थर दिसला, किंवा दांडा हाताने दाबल्यावर काहीच विरोध न करता आत गेला, तर तो बदलणे रास्त होते. आर्मच्या, म्हणजे चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या भागाच्या, सांध्यातल्या रबरी बुशला आरपार चिरा पडल्या असतील, तर तेही काम योग्यच झाले. जुने भाग कोरडे आणि घट्ट निघाले, किंवा ते ‘भंगारात गेले’ असे सांगण्यात आले, तर मात्र तुमचा संशय रास्त आहे.

आता त्या आवाजाकडे वळू, कारण तिथे तुमचे चोवीस हजार वाचण्याची शक्यता आहे. गाडी हातात आल्यावर एक प्रयोग तुम्ही स्वतः करू शकता. एखाद्या मोकळ्या रस्त्यावरच्या गतिरोधकावरून आधी सरळ जा, म्हणजे पुढची दोन्ही चाके एकाच वेळी चढतील. नंतर त्याच गतिरोधकावरून तिरके जा, म्हणजे एक चाक आधी चढेल आणि दुसरे मागून. सरळ जाताना आवाज जवळजवळ नाही आणि तिरके जाताना ‘खट्’ स्पष्ट, असे झाले तर पहिला संशय लिंक रॉडवर किंवा स्टॅबिलायझर बारच्या बुशवर घ्यावा. पुढची दोन चाके जोडणाऱ्या या बारची टोके लिंक रॉडने दोन्ही बाजूंना जोडलेली असतात. दोन्ही चाके एकदम वर उचलली गेली की तो बार पिळला जात नाही. एकच चाक उचलले गेले की पिळला जातो, आणि सैल झालेला लिंक रॉड त्याच क्षणी वाजतो. तुमच्यासारख्या गाडीसाठी या लिंक रॉडची किंमत साधारण काही शे रुपयांपासून हजार-दीड हजारापर्यंत असते. कंपनीच्या यादीत तो होता. तुमच्या मेकॅनिकने बदललेल्या भागांत तो नाही. त्यामुळे रॅकला हात लावण्याआधी मी सर्वांत प्रथम तोच तपासून घेईन.

रॅक म्हणजे स्टीअरिंगचे फिरणे चाकांपर्यंत पोहोचवणारा भाग. त्याचा दोष बहुतेक वेळा हाताला कळतो. खडबडीत रस्त्यावर हळू जाताना स्टीअरिंगच्या चाकातच बारीक ठोके जाणवतात, आणि गाडी जागेवर उभी असताना इंजिन चालू ठेवून स्टीअरिंग थोडेसे डावी-उजवीकडे झटपट हलवले तरी खटखट ऐकू येते. यांपैकी काहीच होत नसेल, तर ‘रॅक गेला’ हे निदान मला मान्य होणार नाही. शिवाय खरोखर रॅकच असला तरी पुष्कळदा त्याचा बुश किंवा रॅक एन्ड, म्हणजे टोकाचा सांधा, तेवढा बदलून काम भागते; अख्खा रॅक हा शेवटचा उपाय.

चांगला मेकॅनिक हे कसे शोधतो, ते तुम्ही शेजारी उभे राहून पाहावे, असा माझा आग्रह आहे. तो आधी तुमच्यासोबत ट्रायल मारतो, आणि शक्य झाल्यास स्टीअरिंग तुमच्याच हाती देऊन स्वतः शेजारी बसून कान देतो. परत आल्यावर गाडी जॅकवर किंवा रॅम्पवर घेतो. चाक वरून आणि खालून धरून हलवतो. तिथे प्ले, म्हणजे सैलपणा, लागला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंटकडे बघतो. मग तेच चाक डावीकडून आणि उजवीकडून धरून हलवतो. त्या दिशेने प्ले असेल तर टाय रॉड एन्ड (रॅकला चाकाशी जोडणारा सांधा) आणि रॅककडे त्याचे लक्ष जाते. आर्मच्या बुशमध्ये टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, घालून रबर किती सरकते ते बघतो. शेवटी गाडी खाली चाकांवर उभी करून पोऱ्याला बोनेटवर दाब देऊन हलवायला सांगतो आणि स्वतः आत हात घालून बोटे लिंक रॉडच्या सांध्यावर टेकवून ठेवतो. सैल सांध्याचा ठोका कानाआधी त्या बोटांना लागतो. या सगळ्याला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. ज्याने ती दिली, त्याने सांगितलेला भाग महाग असला तरी मी विश्वासाने बदलून घेईन.

माझ्याही बाबतीत काही वर्षांपूर्वी असेच झाले होते. गाडीचा वेग वाढला की पुढून घुमल्यासारखा आवाज येई. एका गॅरेजमध्ये दोन्ही बेअरिंग बदलली गेली आणि आवाज जसाच्या तसा राहिला. नंतर एका वयस्कर मेकॅनिकने काहीही न खोलता पुढची चाके मागे आणि मागची पुढे लावली. आवाज मागून येऊ लागला. टायर असमान झिजले होते, इतकेच. त्या कामाचे त्यांनी फक्त चाके बदलण्याचे पैसे घेतले, आणि मला ते आठवले की आजही अपराधी वाटते, कारण बेअरिंगवर मी त्याच्या कितीतरी पट घालवले होते.

याच अनुभवामुळे मी तुम्हाला एक सवय लावून घ्यायला सांगतो: दोष शोधण्याचे पैसे वेगळे द्या. आपल्याकडे गाडी ‘बघून देणे’ फुकट असते असे ग्राहक धरून चालतो आणि मेकॅनिकही तसे म्हणतो. परंतु त्याचे जागाभाडे, पोऱ्यांचे पगार आणि हत्यारांचा खर्च कुठून तरी निघायलाच हवा, आणि तो भागांच्या किमतीवर दुकानदाराकडून मिळणाऱ्या सुटीतून व ते बसवण्याच्या मजुरीतून निघतो. याचा अर्थ असा की अर्धा तास डोके लावून सातशे रुपयांचा भाग शोधणाऱ्याला तोटा होतो, आणि अंदाजाने बारा हजारांचे भाग बदलणाऱ्याचे पोट भरते. माणूस वाईट नसला तरी ही रीत त्याला चुकीच्या बाजूला ढकलते. तुम्ही गेल्या गेल्या सांगा, ‘फक्त तपासणी करून दोष सांगा, त्याचे चारशे-पाचशे रुपये मी देते, काम इथेच करीन की नाही ते नंतर ठरवू.’ जो हे ऐकून नाराज होईल, त्याच्याकडे गाडी ठेवू नये.

गाडी अडवून ठेवण्याबाबत कायदा तुम्हाला वाटतो त्यापेक्षा मेकॅनिकच्या थोडा अधिक बाजूने आहे, हे आधी सांगायला हवे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० नुसार, ज्याच्याकडे वस्तू सोपवून तिच्यावर श्रम किंवा कौशल्याचे काम करवून घेतले, त्याला त्या कामाचा योग्य मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू स्वतःकडे ठेवता येते. कायद्यातच त्यासाठी जवाहिऱ्याकडे पैलू पाडायला दिलेल्या हिऱ्याचे उदाहरण आहे. त्यामुळे घरची दुसरी किल्ली नेऊन गाडी काढून आणण्याचा विचार कोणी सुचवत असेल, तर तो कृपया करू नका. मात्र हा हक्क झालेल्या आणि ठरलेल्या कामापुरताच आहे. तुम्ही मंजूर न केलेल्या रॅकसाठी तो गाडी धरून ठेवू शकत नाही. त्याच कायद्याच्या कलम १५१ प्रमाणे गाडी त्याच्या ताब्यात असेपर्यंत तिची वाजवी काळजी घेणे त्याच्यावर बंधनकारक आहे. भिंतीवर ‘गाडी मालकाच्या जबाबदारीवर’ असा फलक लावला म्हणजे निष्काळजीपणा माफ होतो असे समजू नये. २०१९ साली एका हॉटेलच्या पार्किंगमधून चोरीला गेलेल्या गाडीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असा फलकवजा करार हॉटेलच्या निष्काळजीपणाला ढाल होऊ दिला नाही.

तेव्हा माझा सल्ला असा की उरलेले ६,५०० रुपये देऊन गाडी सोडवून आणा, पण ते रोख देऊ नका. यूपीआयने द्या आणि त्याच दिवशी त्याला व्हॉट्सअॅपवर साध्या, शांत शब्दांत लिहा: ‘दोन्ही शॉकअप आणि डाव्या आर्मच्या कामाचे एकूण १८,५०० रुपये आज पूर्ण झाले. ज्या आवाजासाठी काम केले तो कायम आहे, ही तक्रार मी राखून ठेवते. रॅकचे काम मी मंजूर केलेले नाही. कृपया भागांच्या नावांसह पावती द्यावी.’ पावती मागायला संकोच वाटू देऊ नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये पावती न देणे ही अनुचित व्यापार प्रथा मानली आहे. त्याच्याकडे जीएसटी क्रमांक नसेल तर तेवढ्यावरून तो खोटा ठरत नाही, कारण वर्षाला २० लाखांच्या आत उलाढाल असलेल्या लहान गॅरेजला नोंदणी सक्तीची नसते. साध्या छापील पुस्तकातली पावती चालेल. पण ज्याच्याकडे तो क्रमांक नाही त्याने बिलात ‘जीएसटी वेगळा’ लावलेला चालणार नाही.

बिल पाहताना आणखी एक गोष्ट डोळ्यांखालून घाला. भागाच्या खोक्यावर छापलेल्या एमआरपीत सगळे कर धरलेले असतात. त्या एमआरपीवर पुन्हा जीएसटी चढवलेला दिसला, तर तो कमी करून घ्यावा. मजुरीवरचा जीएसटी मात्र वेगळा येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या सुट्या भागांवरचा दर सरसकट १८ टक्के झाला आहे. त्यापूर्वी पुष्कळ भागांवर तो २८ टक्के होता, म्हणून एखाद्याने जुना साठा जुन्या दराने लावला तर विचारणा करा.

गाडी हातात आल्यावर ती तिसऱ्या ठिकाणी, फक्त तपासणीसाठी न्या. तिथे ‘शॉकअप बघा’ किंवा ‘रॅक बघा’ असे म्हणू नका. डॉक्टरकडे गेल्यावर आपण दुखणे सांगतो, औषधाचे नाव सांगत नाही, तसेच इथेही करावे. जॉब कार्डवर, म्हणजे गॅरेजवाले काम लिहून घेतात त्या कागदावर, तुमच्याच शब्दांत लिहवून घ्या: ‘डाव्या पुढच्या चाकाकडून, ताशी २० ते ३० च्या वेगाने, तिरक्या खड्ड्यात खट् आवाज, ब्रेक दाबल्यावर फरक नाही’, किंवा जे खरे असेल ते. शेजारी किलोमीटरचा आकडा, पेट्रोलची पातळी आणि ‘फोनवर विचारल्याशिवाय कोणतेही काम करू नये’ हे वाक्य असू द्या. जॉब कार्ड नसलेल्या छोट्या गॅरेजमध्ये हाच मजकूर व्हॉट्सअॅपने पाठवला तरी पुरेसे आहे.

कंपनीत जावे की बाहेर, याचे सरसकट उत्तर देणे मला योग्य वाटत नाही. वॉरंटी चालू असेल, एअरबॅग किंवा एबीएसचा दिवा पेटला असेल, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स किंवा हायब्रिड-इलेक्ट्रिक गाडीच्या उच्च विद्युतदाबाच्या यंत्रणेचे काम असेल, तर कंपनीच्या वर्कशॉपशिवाय दुसरा विचार करू नये. रिकॉलचेही, म्हणजे दोष आढळल्याने कंपनीनेच गाड्या परत बोलावल्या तर त्याचेही, तसेच, ते काम मोफत होते, आणि तुमच्या गाडीला ते लागू आहे का हे कंपनीच्या संकेतस्थळावर चासी क्रमांक टाकून पाहता येते. तुमच्या गाडीची वॉरंटी संपलेली असणार. सस्पेन्शन, क्लच, ब्रेक, तेल-फिल्टर ही कामे बाहेरचा चांगला मेकॅनिक तितकीच उत्तम आणि बरीच स्वस्त करू शकतो. कंपनीच्या एस्टिमेटमध्ये जेव्हा इंजिन फ्लशिंग, एसीचे निर्जंतुकीकरण, अंडरबॉडी कोटिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग अशी नावे दिसतील, तेव्हा गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेतला सर्व्हिसचा तक्ता उघडून ते काम त्या किलोमीटरला सांगितले आहे का ते पाहा. नसेल तर नम्रपणे नकार द्या. सर्व्हिस अॅडव्हायझरला महिन्याचे विक्रीचे लक्ष्य दिलेले असते, हे लक्षात ठेवून त्याच्याशी बोलावे. तोही नोकरीच करतो आहे.

बाहेरच्या मेकॅनिकबद्दल बोलताना एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीसाठी लागणारी तांत्रिक माहिती या कंपन्या खुल्या बाजारात मिळू देत नाहीत, त्यामुळे स्वतंत्र गॅरेजची कोंडी होते, असा तो निष्कर्ष होता. प्रकरण पुढे अपिलात गेले. गल्लीतला माणूस अंदाजावर काम करतो तेव्हा कधीकधी त्याच्या हाती ती माहिती पोहोचलेलीच नसते, याची जाण ठेवून मी त्यांच्याकडे पाहतो. म्हणूनच बाहेरचे गॅरेज निवडताना माझा पहिला प्रश्न असतो की तुमच्याच कंपनीच्या गाड्या तिथे आठवड्याला किती येतात. सगळ्या प्रकारच्या गाड्या करणाऱ्यापेक्षा दोन-तीन कंपन्यांच्याच करणारा, आणि त्यातही पूर्वी त्या कंपनीच्या वर्कशॉपमध्ये फिटर राहिलेला, पसंत करावा. रिक्षा आणि टॅक्सीवाले जिथे गाड्या नेतात, तिथेही चौकशी करावी, कारण ज्याचे पोट गाडीवर आहे तो एकच दोष दोनदा दुरुस्त करून घेत नाही.

भाग स्वतः विकत आणून देऊ का, असे पुष्कळ वाचक विचारतात. पुण्याच्या नाना पेठेत जाऊन भाग आणले तर काही पैसे वाचतात, हे खरे आहे, पण पुढे आवाज आला की मेकॅनिक म्हणतो ‘माल तुमचा’ आणि दुकानदार म्हणतो ‘बसवायला चुकले’. त्यापेक्षा भाग त्यालाच आणू द्या, त्यावर त्याला मिळणारी सुटी त्याचा हक्क समजा, आणि त्या बदल्यात कंपनीचा की बाहेरचा माल हे आधी ठरवून खोके, पार्ट नंबर आणि दुकानाचे बिल मागून घ्या.

एवढे करूनही मेकॅनिकने पावती नाकारली किंवा जुने भाग विनाकारण बदलल्याचे उघड झाले, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यानेही प्रश्न सुटला नाही तर साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. तुमच्या रकमेच्या तक्रारीला तिथे शुल्क पडत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. तिसऱ्या ठिकाणच्या तपासणीचा लेखी अहवाल तेव्हा तुमच्या सर्वांत कामी येईल.

राहिला दिरांचा प्रश्न. मला वाटते, मेकॅनिकशी बोलण्याआधी तुम्ही भावोजींशीच बोलावे, आणि ‘तुमच्या माणसाने फसवले’ असे न म्हणता ‘आवाज गेला नाही, मी दुसरीकडे फक्त तपासून घेते आहे, त्यांना तसे कळवू का’ असे विचारावे. त्यांना बाहेरून कळले तर ते दुखावतील. तुमच्याकडून आधी कळले तर बहुधा स्वतःच फोन करतील. तपासणीत लिंक रॉडच निघाला, तर तो बसवण्याची पहिली संधी त्याच मेकॅनिकला द्या. काम झाल्यावर पैसे देण्याआधी त्याला शेजारी बसवून त्याच गतिरोधकावरून एकदा सरळ आणि एकदा तिरकी गाडी न्या.